शिरणीचं ताट

झकिया इंग्लिश शिकायला जाते, हे फ्रीमॉन्टच्या अफगाण वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. एक दिवसाआड सकाळी डोक्यावरून ओढणी नीट घेऊन, लांब बाह्यांचा झगा घालून ती लेकाच्या गाडीत बसायची आणि दुपार कलंडली की परत यायची. नानच्या दुकानात कोणी ना कोणी हटकायचंच, "काय झकिया-जान, क्लास जोरात?" ती हसून मान डोलवायची. या वयात शिकायची हौस बघा म्हणून बायका आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. वर्ष होत आलं तरी तिचं इंग्लिश "थँक्यू" आणि "नो बॅग" यांच्यापुढं सरकलं नव्हतं, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

क्लास नव्हताच. झकिया जायची डायलिसिसला. एका बैठ्या इमारतीत ओळीनं आरामखुर्च्या मांडलेल्या असत, तिथं डाव्या हातात सुया टोचून तिचं रक्त मशीनमधून धुऊन निघायचं. त्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगली होती. वर बोट ठेवलं तर आत मधमाशी गुणगुणतेय असं वाटायचं. म्हणून लांब बाह्या. जुलैच्या उन्हातही लांब बाह्या.

दोन्ही किडन्या गेल्या त्या रक्तदाबानं. काबूलहून दिल्ली, दिल्लीहून इथं, वाटेत नवरा गेला, पदरात दोन पोरं. या धावपळीत आपलं डोकं दुखतं हे कोणाला सांगायची तिला सवडच झाली नाही. हा आजार रक्तातून पोरांकडे जाणारा नाही, असं डॉक्टरांनी दहादा सांगितलं. पण डॉक्टरांचं सांगणं दवाखान्यात चालतं, लग्नाच्या बैठकीत कोण ऐकतो? आईची किडनी गेली म्हणजे लेकीची कधीतरी जाणार, लेकीच्या पोटच्या पोरांची जाणार, इथपर्यंत लोक चहाचा एक पेला संपायच्या आत पोचतात. आबरू म्हणतात ते लोक. आपली अब्रू तीच, शब्द तिकडूनच आलेला, आणि ओझंही तेवढंच.

लेकीचं नाव रोया. औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होती. तिच्या काउंटरवर इद्रीस नावाचा एक मुलगा आईची औषधं न्यायला यायचा. त्याच्या घराजवळ दोन दुकानं होती, पण तिथं ओळखीची माणसं, आणि आपल्या औषधांची पिशवी ओळखीच्यांनी पाहिलेली त्याच्या आईला खपायची नाही. म्हणून तो दोन गावं ओलांडून यायचा. मग हळूहळू तो एका वेळी एकच औषध न्यायला लागला.

"सगळी एकदम तयार असतात, माहितेय ना तुम्हाला?" रोयानं एकदा विचारलं.

"माहितेय," तो म्हणाला. "पण मग उद्या काय निमित्त काढू?"

हे रोयानंच हसत हसत आईला सांगितलं होतं. "कसली गं औषधं नेतो आईची?" असं झकियानं सहज विचारलं, तर पोरीचा चेहरा एकदम काउंटरमागचा झाला. "मादर, ते मी तुलासुद्धा सांगू शकत नाही. इट्स द लॉ." मादर म्हणजे आई. झकियाला तेव्हा राग आला नाही, अभिमान वाटला.

पुढचं सगळं रीतीनं झालं. पोरं आधीच भेटलीत हे दोन्ही घरांना माहीत, पण माहीत नसल्याचा आव आणून इद्रीसची आई नफीसा आणि त्याचा चुलता हशमतकाका मागणी घालायला आले. अफगाणांत मुलीकडचे पटकन हो म्हणत नाहीत. मुलाकडच्यांना जोडे झिजवायला लावतात. जोडे जितके झिजतील तितकी मुलगी मोलाची. आणि होकार तोंडानं देत नाहीत, ताटानं देतात. मुलीची आई ताटात शिरणी भरते, साखरेत घोळवलेले बदाम, मिठाई, वर भरतकामाचा रुमाल, आणि ते ताट मुलाच्या घरी गेलं की शब्द पक्का. पुढं ते ताट मुलाकडून भरून परत येतं आणि साखरपुडा होतो.

झकियानं दुसऱ्याच भेटीत ताट दिलं. चांदीचं, तिच्या आईचं, काबूलहून कपड्यांच्या बोचक्यात लपवून आणलेलं ताट. क्लासची थाप किती दिवस टिकणार? कोणाला कळायच्या आत पोरीचं बांधून टाकावं, एवढंच तिच्या मनात होतं. लोक कुजबुजले, मुलगी जड झाली होती की काय. नफीसा मात्र खूश झाली. आपल्या घराण्याला कोण नाही म्हणणार, असं तिला वाटलं असावं. झकियानं त्या दिवशी घरी येऊन शुक्राची, म्हणजे आभाराची, दोन रकात नमाज पढली. आपण शहाणपण केलं असंच ती समजत होती.

डायलिसिसला तिच्या शेजारच्या खुर्चीत शोभा नावाची नागपूरची बाई असायची. झकियानं दिल्लीत काढलेल्या वर्षांमुळे दोघींचं हिंदीत छान जमायचं. शोभाही देवभोळी. चतुर्थी सोडायची नाही. साबुदाणा नको, बटाटा नको, शेंगदाणे तर नकोच, असं आहारवालीनं बजावल्यापासून मूठभर भगरीवर दिवस काढायची आणि "गणपतीला सांगितलंय, ॲडजस्ट कर," म्हणायची. झकियाला रमजानचे रोजे बंद झाल्याचं दुःख होतं. उपाशी राहता येत नाही हे दुःख आजूबाजूला कोणाला कळणार? शोभाला कळायचं.

डॉक्टरांनी किडनी बदलायचं काढलं तेव्हा आधी लेक तपासणीला गेला. तमीम त्याचं नाव, विमानतळाची टॅक्सी चालवायचा, बायकोपोरं घेऊन पलीकडच्याच गल्लीत राहायचा. तो एका फेरीत परत आला. हॉस्पिटलनं एवढंच कळवलं की हा दाता चालणार नाही. का, ते सांगितलं नाही. ते कधीच सांगत नाहीत, म्हणजे ज्याला भीती वाटते त्याला मानानं मागं फिरता येतं. झकियानं त्याला काही विचारलं नाही. आईला न विचारताही कळतं.

मग कोणाला न सांगता रोया गेली.

झकियाला कळलं तेव्हा तपासण्या अर्ध्या झाल्या होत्या. "मी घेणार नाही," ती म्हणाली. "तुझी शिरणी गेलीय. तू आता दुसऱ्या घरची."

"मादर, मी कुठंही गेले नाहीये. इथंच आहे, तुझ्या किचनमध्ये, भांडी घासतेय."

"मला विचारायचंस तरी."

"मला जन्माला घालताना तू मला विचारलं होतंस? मग आता मीही विचारणार नाही. फेअर इज फेअर."

त्या दिवसापासून झकियानं एक व्रत धरलं. पहाटेच्या नमाजनंतर रोज कुराणातला यासीन पढायचा आणि मागायचं की रोयाचं रक्त जुळू नये. न जुळलं तर हलवा करून दारोदार वाटीन. आया लेकीचं जुळावं म्हणून नवस बोलतात; ही बाई जुळू नये म्हणून रोज पहाटे हात पसरत होती.

जुळलं. डॉक्टर म्हणाले, इतकं चांगलं जुळलेलं क्वचितच पाहायला मिळतं.

"शोभा-जान, मुलीचं कसं घेऊ?" दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झाल्या झाल्या तिनं विचारलं.

शोभा छताकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे जुन्या बाया लेकीच्या घरचं पाणी पीत नसत. माझी एक चुलत आजी लेकीकडे जाताना घरून पाण्याचा हंडा न्यायची."

"मग?"

"मग काय, हंड्यानं खांदा धरला. लेक रोज तेल लावून चोळायची. पाणी चालत नव्हतं, चोळून घेणं चालत होतं." शोभा हसली आणि मशीन कुरकुरलं तसा तिनं हात सरळ केला. थोड्या वेळानं म्हणाली, "मुलाला विचारलं?"

"त्याचं नाही जुळलं."

शोभानं नुसतं तिच्याकडे पाहिलं. "माझा मुलगा तिकडे दूर पार्सिपनीला असतो. मी आजारी पडले तर त्यानं काय पाठवलं, ज्यूसर. इथं पाण्याचा घोट मोजून प्यायचा, आणि हा ज्यूसर पाठवतो." मग डोळे मिटून घेत म्हणाली, "पोरगी देते म्हणतेय ना. मला कोणी देतं म्हणालं असतं तर मी आधी रडले असते आणि मग घेतली असती."

झकियाचं मन तरीही तयार होईना. मशिदीतल्या मौलवींनासुद्धा तिनं विचारून पाहिलं. ते म्हणाले, जीव वाचवण्यात पुण्यच आहे, बेधडक घ्या. पण धर्माची परवानगी असली तरी आईच्या पोटात जे तुटतं ते कोणाच्या परवानगीनं जुळत नाही. नाही म्हणायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं. रोयाला समोर बसवून, शांतपणे, एकदाच.

त्याआधी रोयानं इद्रीसला आजाराचं, किडनीचं सगळं सांगितलं. आणि इद्रीसनं घरी. मुलगा चांगला, पण आईपाशी त्याच्या पोटात काही राहत नाही.

रविवारी दुपारी ते आले. नफीसा, हशमतकाका आणि मागं खाली मान घालून इद्रीस. तमीमलाही हशमतकाकांनीच बोलावून घेतलं होतं, घरातला पुरुष म्हणून. नफीसाच्या हातात किराण्याच्या दुकानाची पिशवी होती. ती तिनं टेबलावर ठेवली तेव्हा आत धातू वाजला. पिशवीतून नक्षीची एक कड बाहेर डोकावत होती, आणि ती कड झकियानं लहानपणापासून हातानं पुसलेली होती. ताट परत आलं होतं. रिकामं, पिशवीत घालून.

झकियानं वेलदोड्याचा हिरवा चहा केला, बदाम ठेवले, मनुका ठेवल्या. स्वतःसाठी पेला घेतला नाही. तिच्या वाटणीचं पाणी सकाळीच संपलं होतं.

"बहीण," हशमतकाकांनी घसा साफ केला, "आम्हाला हे पोराच्या तोंडून कळावं? इंग्लिश क्लास म्हणे."

झकियानं मान खाली घातली. एवढं ऐकून घेणं तिच्या वाट्याचंच होतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "भीती वाटली."

"झालं ते झालं. आजार खुदाकडून येतो, त्यावरून आम्ही शब्द मोडणारे नाही." त्यांनी मनुका तोंडात टाकल्या. "पण हे किडनीचं ऐकलं ते बरोबर नाही. शिरणी दिली म्हणजे मुलगी आमची अमानत. तुमच्या घरात ठेवलीय, पण आमची. दुसऱ्याच्या वस्तूला कोणी चीर पाडतं का?"

"काका, मी इथं बसलेय," रोया म्हणाली.

"तू बस बेटा, मोठी माणसं बोलतायत."

"पोटावर टाके घेऊन उद्या मूल कसं धरशील?" नफीसानं विचारलं. तिचा आवाज मऊ होता आणि म्हणूनच जास्त लागत होता. "आमच्या सात पिढ्यांत कोणाला मोठा आजार नाही. मला नातवंडं हवीत, बाई. अर्धी सून नको."

"डॉक्टर म्हणतात मूल होतं. वर्षभर थांबायचं फक्त," रोया म्हणाली.

"डॉक्टर काय, त्यांचं दुकान आहे."

"मादर," इद्रीस पुटपुटला, "ती किडनी तिची आहे ना पण..."

"तुला कोणी विचारलं?" हशमतकाका म्हणाले, आणि इद्रीसनं पेल्यात तोंड घातलं.

नफीसाचा पेला भरायला झकिया वाकली. नफीसानं साखर घेतली नव्हती. मनुकांना हात लावला नव्हता. पेला पुढं करताना तिची बोटं उघडी झाली, आणि बोटांच्या टोकांवर सुईनं टोचल्याच्या काळपट टिकल्या झकियाला दिसल्या. अशी बोटं ती एक दिवसाआड बघत होती. तिथल्या खुर्च्यांत निम्मी माणसं मधुमेहानं येऊन पोचलेली. दोन गावं ओलांडून नेलेल्या औषधांच्या पिशव्या तिला आठवल्या. तिनं रोयाकडे पाहिलं. रोया आपल्या नखांकडे बघत होती. पोरीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि सात पिढ्या ऐकूनही तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. तोंडाशी आलेलं झकियानंही गिळलं. दुसरीचा आजार बैठकीत उघडा करायचा, एवढं खाली तिला उतरायचं नव्हतं.

"तमीम, तू सांग आईला," हशमतकाका म्हणाले.

"मी तर गेलो होतो तपासायला," तमीम घाईनं म्हणाला. "जमलं नाही."

"तुला कोण म्हणतंय. तुझा धंदा, तुझी बायकोपोरं. घरातला कर्ता पुरुष आडवा पडला तर कसं चालेल."

"तेच ना. मादर, वेटिंग लिस्ट आहेच की. लोक वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगतात. आपण यांचं ऐकू. ताट..." तो थांबला आणि पिशवीकडे त्यानं हनुवटी केली. "ताट असं परत आलं तर वस्तीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

मला, म्हणाला. झकियानं ते नीट ऐकलं. एकाची बायकोपोरं होती, एकीला नातवंडं हवी होती, एकाला शब्द राखायचा होता. त्या खोलीत प्रत्येकाचं काहीतरी होतं. फक्त जिच्या अंगात ती किडनी होती तिचं काही नव्हतं, आणि जी मरणार होती तिचं तर नाहीच.

"बहीण, तुम्हीच सांगा तिला नको म्हणून," हशमतकाकांनी शेवटी समजुतीचा सूर लावला. "आईनं नको म्हटलं की विषय संपला. आईच्या त्यागाला लोक मान देतात. तुमचीही आबरू राहील, आमचीही. हे ताट आम्ही परत घेऊन जातो आणि भरून आणतो."

मला नको, बेटा. हे वाक्य झकियानं आठवडाभर मनात घोळवलं होतं. पहाटेच्या नमाजनंतर घोळवलं होतं, सुया टोचताना घोळवलं होतं. आत्ता या क्षणी ते तिच्या जिभेवर होतं. पण ते तिचं वाक्य होतं, तिच्या मायेतून आलेलं, आणि या माणसांनी ते न विचारता उचलून आपल्या सोयीला लावलं होतं. तिच्या मरणावर हे आपलं ताट भरायला निघाले होते आणि वर त्याला त्याग म्हणत होते. आयुष्यभर ती हळू बोलली होती. सासरी हळू, छावणीत हळू, दिल्लीच्या कचेऱ्यांत हळू, इथं परक्या भाषेत तर तोंडच मिटून. कोणी कधी विचारलं होतं, बाई तुला काय हवंय?

"मी घेणार," ती म्हणाली.

आवाज नेहमीचाच होता, त्यामुळे हशमतकाकांना आधी कळलंच नाही. "काय घेणार?"

"रोयाची किडनी. ती देतेय, मी घेणार."

"मादर..." तमीम उठला.

"बस. तुला मी तेव्हा काही विचारलं नाही. आजही विचारत नाही."

तमीम बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"झकिया-जान, विचार करून बोला," नफीसा म्हणाली. "मग हे ताट इथंच राहील."

"राहू दे." झकियानं डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली. फुगलेली शीर, सुयांचे वण, सगळं त्यांच्यासमोर आलं. हशमतकाकांनी नजर फिरवली. तिनं पिशवीतून ताट काढलं, ओढणीच्या पदरानं पुसलं आणि टेबलावरचे पेले एकेक करून त्यावर ठेवले. "मी शिरणी दिली ती मुलीचं मन बघून दिली. मुलगी दिली नव्हती. ती वस्तू असती तर एव्हाना मीच विकून खाल्ली असती, असे दिवस काढलेत मी. अमानत म्हणता ना, मग ती ज्यानं दिली त्या खुदाची. तुमची नाही, माझीही नाही." ती ताट घेऊन उठली. "चहा गार झालाय. दुसरा आणते. पिऊन जा. माझ्या दारातून कोणी कोरडं गेलेलं नाही."

त्यांनी चहा प्यायला नाही. नफीसा दाराबाहेर चपला शोधत असताना हशमतकाका "बायकांच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही" असं काहीतरी बोलत गाडीकडे गेले. तमीम मागच्या दारानं गेला. इद्रीस मात्र उंबऱ्यावर एक बूट पायात, एक हातात, असा उभा राहिला.

"मी बोलायला हवं होतं," तो रोयाला म्हणाला.

"हो."

"ऑपरेशनच्या दिवशी मी येतो. गाडी चालवायला कोणी लागेलच."

"तुझ्या आईला सांगून येशील की न सांगता?"

त्यानं हातातल्या बुटाकडे पाहिलं. "सांगून. पण विचारून नाही."

"बघू," रोया म्हणाली. "आधी दुसरा बूट घाल."

पुढच्या आठवड्यात ऑपरेशनची तारीख ठरली. त्या दिवशी घरी आल्यावर झकियानं मोठी कढई काढली आणि हलव्याला रवा भाजायला घेतला. शोभाला तिनं सकाळीच सांगितलं होतं. शोभा गोंधळली होती. "अहो, तुमचा नवस न जुळण्याचा होता ना? मग फिटला कुठं?"

"मी चुकीचं मागितलं," झकिया म्हणाली होती. "त्यानं ऐकलं नाही, म्हणून हलवा वाटते."

हलवा परतता परतता तिचा राग पुन्हा पुन्हा वर येत होता. नमाजला बसली तरी यायचा. आधी तिला त्याची लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. इतकी वर्षं कुठं होतास, असं तिनं त्या रागाला एकदा विचारलंसुद्धा.

घरोघर ती स्वतः गेली, बाही वर करून. "कशाचा हलवा, झकिया-जान?" असं विचारलं की सांगायची, "माझ्या किडनीचा. रोया देतेय मला." कोणी तोबा म्हणालं, कोणी हात हातात घेतला. एका घरी सून दारामागं नेऊन हळूच म्हणाली, खाला, माझ्या आईला पण स्तनात गाठ आहे, आम्ही कोणाला सांगितलं नाही. झकियानं तिला जास्तीचा हलवा दिला आणि डॉक्टरचं नाव विचारून मगच ती हलली.

शेवटी रोयानं गाडी नफीसाच्या दारापाशी उभी केली. "मी येत नाही," ती म्हणाली. "मी आले तर भांडेन."

"तू बसच."

नफीसानं दार उघडलं. झकियाच्या हातात तेच चांदीचं ताट, हलव्यानं शिगोशीग भरलेलं, वर नवा रुमाल, आणि कडेला एक छोटी झाकलेली वाटी.

"परत शिरणी?" नफीसाचा आवाज कडवट होता.

"शिरणी तुमच्याकडे आहेच, पोरं काय ठरवायचं ते ठरवतील. हा नवसाचा हलवा. तुम्ही माझ्या घरी रिकामं ताट आणलंत. आपल्यात ताट रिकामं परत पाठवत नाहीत." तिनं ताट पुढं केलं, आणि नफीसाला ते धरावंच लागलं. "कडेची वाटी तुमची. तिच्यात साखर नाही घातली."

नफीसानं आधी रस्त्याच्या एका टोकाला पाहिलं, मग दुसऱ्या. कोणी नव्हतं. तिची टिकल्या पडलेली बोटं ताटाच्या कडेखाली आत वळली.

"रोया बोलली?"

"तिच्या तोंडातून आजतागायत एक अक्षर निघालेलं नाही. सात पिढ्यांचं ऐकूनही नाही. मला तुमची बोटं बोलली." झकियानं आपला उघडा हात जरासा पुढं केला. "वेळेवर दाखवा. नाहीतर माझ्या शेजारची खुर्ची मिळेल. क्लास चांगला आहे, पण कोणी पास होत नाही."

नफीसा या, बसा, असंही म्हणाली नाही. ताट घेऊन आत गेली आणि पायानंच दार लोटलं.

झकिया गाडीत येऊन बसली. टेकड्या उन्हानं पिवळ्या पडल्या होत्या.

"काय म्हणाली?" रोयानं विचारलं.

"काही नाही. दार लावलं."

"ऑफ कोर्स."

"पण वाटी घेऊन लावलं." झकियानं पट्टा बांधला. मागच्या सीटवर अजून एक डबा होता. "चल, नानवाल्याकडे द्यायचा राहिलाय."

"तिथं क्लासचं विचारतील, मादर."

"विचारू देत की," झकिया म्हणाली, आणि बाही खाली न ओढताच तिनं काच उघडली.